भोंगा वाजला की गाड्या थांबवून उभे राहतात, तो इस्राएलचा दिवस नेमका कोणता?

गड्ड्यातला_पाळणा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. एक शंका आहे आणि तिच्यापायी घरात चार दिवस वाद चाललाय. आमच्या भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. इस्राएलमधला कुठला तरी मोठा हायवे, भोंगा वाजतो आणि सगळ्या गाड्या जिथल्या तिथं थांबतात, लोक दार उघडून खाली उतरतात, रस्त्यातच मान खाली घालून उभे राहतात आणि भोंगा थांबला की परत गाडीत बसून चालू, जसं काही झालंच नाही. भाऊजी म्हणतात हा त्यांच्या स्वातंत्र्यासाठी लढून मेलेल्या जवानांचा दिवस. मी म्हणतो हिटलरने मारलेल्या ज्यूंसाठी असतो. पैज लागलीय, हरणाऱ्याने सगळ्यांना पार्क चौपाटीला खायला न्यायचं, आणि सगळे म्हणजे लेकराबाळांसकट अकरा माणसं होतात.

शोधायला गेलो तर गोंधळ अजून वाढला. देश झाला १४ मे १९४८ ला असं सगळीकडे लिहिलंय पण त्यांचा स्वातंत्र्यदिन कधी एप्रिलमध्ये दिसतो कधी मेमध्ये. आणि एका ठिकाणी वाचलं की आधी दिवसभर दुखवटा आणि सूर्य मावळला की त्याच रात्री नाचगाणी. हे काय मला पटेना. आपल्याकडं तेरावं झाल्याशिवाय घरात गोड करत नाहीत.

विचारायचं खरं कारण वेगळं आहे. मी टॉवेलच्या धंद्यात, रोज चार पुतळ्यावरून येणंजाणं. १२ जानेवारीला सकाळी तिथं फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतात, दोन भाषणं होतात, आणि बाजूनं रिक्षा-टमटम हॉर्न वाजवत जात असतात. मीपण वाजवलाय, खोटं कशाला बोलू. मग ह्या लोकांना ही सवय लागली कशी, सरकारने लावली का आपोआप? माहितगारांनी सांगा. राजकारण आणू नका प्लीज.

पंचांगवाचक

पैज बरोबरीत सुटली म्हणा, कारण असे दिवस दोन आहेत आणि दोन्हींत भोंगा आहे.

पहिला योम हाशोआ, म्हणजे नाझींनी मारलेल्या ६० लाख ज्यूंचा स्मृतिदिन. त्यांच्या निसान महिन्याच्या २७ तारखेला येतो, सकाळी १० वाजता २ मिनिटं भोंगा. दुसरा योम हाझिकारोन, लढायांत मेलेले सैनिक आणि अतिरेकी हल्ल्यांत मेलेल्यांचा. हा साधारण आठवड्याने, इय्यार महिन्याच्या ४ ला. आदल्या संध्याकाळी ८ ला १ मिनिट आणि सकाळी ११ ला २ मिनिटं. व्हिडिओत सावली किती लांब पडलीय बघा आणि ठरवा १० की ११, हाहा.

तारीख का सरकते हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरजच पडू नये खरंतर. ते लोक तिथीने पाळतात. आपल्याकडं शिवजयंती १९ फेब्रुवारीला का फाल्गुन वद्य तृतीयेला यावर अजून मारामारी आहे, त्यांनी स्वातंत्र्यदिन सरळ तिथीने धरला, ५ इय्यार. देश जाहीर झाला त्या शुक्रवारी, १४ मे १९४८ ला, ५ इय्यार ५७०८ होती. त्यांचं पंचांगही चंद्र-सूर्य दोन्ही सांभाळणारं, १९ वर्षांत ७ अधिक महिने. फरक एवढाच की आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांत येतो, त्यांचा कायम अदार महिनाच डबल होतो. आणि दिवस सूर्योदयाला नाही, सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळं तुम्हाला जे "त्याच रात्री" वाटतंय ते त्यांच्या हिशोबाने दुसऱ्या दिवसाची सुरुवात आहे.

वर आणखी एक कलम आहे. तिथी शुक्रवार-शनिवारी आली तर आधीच्या गुरुवारी ओढतात, सोमवारी आली तर मंगळवारी ढकलतात, म्हणजे शनिवारच्या सब्बाथच्या विश्रांतीत तयारीची कामं करावी लागत नाहीत. २०२५ ला ५ इय्यार शनिवारी होती म्हणून त्यांनी १ मेला साजरा केला, आपल्या महाराष्ट्र दिनालाच. २०२४ ला उलटं, सोमवार टाळला आणि नेमकी १४ मे आली.

जुनीमिल_तिसरी_पाळी

का बे, भोंग्याचं सोलापूरकराला काय सांगूलालास 😄 आमच्या आज्याच्या काळात गिरणीचा भोंगा झाला की कोण उभं राहत नव्हतं, चड्डी सावरत पळायचे सगळे, नाहीतर खाडा. भोंग्याला थांबायची सवय आमच्या रक्तातच नाही.

खडू_फळा_डस्टर

वरचं पंचांगाचं उत्तर बरोबर आहे, मी "सवय लागली कशी" यावर लिहितो. थोडं लांबेल. इतिहास शिकवतो, जीभ आवरत नाही.

आधी एक गैरसमज. व्हॉट्सॲपवर फिरतं की हिटलरने मारलं म्हणून जगाला दया आली आणि देश दिला. इतकं सोपं नाही ते. रशियात १८८१ नंतर ज्यूंविरुद्ध दंगली झाल्या तेव्हापासून लोक पॅलेस्टाइनला जायला लागले होते. पॅरिसमध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू कॅप्टनला १८९४ ला खोट्या फितुरीच्या आरोपात अडकवलं, ते प्रकरण व्हिएन्नाच्या पेपरचा बातमीदार म्हणून थिओडोर हर्झल जवळून बघत होता. त्याने १८९७ ला बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरवली, झायोनिस्ट म्हणजे ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणारे. हा माणूस १९०४ ला वारला, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या बरीच वर्षं आधी. मग २ नोव्हेंबर १९१७ चं इंग्रज परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं पत्र, "ज्यूंचं राष्ट्रीय घर" असं मोघम आश्वासन, आणि तेही ज्या मुलखात बहुसंख्य लोक अरब त्याबद्दल. पुढं अरबांचं बंड झालं तेव्हा १९३९ ला त्याच इंग्रजांनी ज्यूंना तिथं यायला पाच वर्षांत फक्त ७५ हजार लोकांची मर्यादा घातली, म्हणजे बरोबर ज्या वर्षांत युरोपातून पळायची गरज होती तेव्हाच दार अर्धं लावलं. इंग्रजाची ही दोघांना शब्द द्यायची पद्धत आपल्याला नवी नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ ला युनोत फाळणीचा ठराव, ३३ विरुद्ध १३, तटस्थ १०. आणि १४ मेला तेल अवीवच्या म्युझियमच्या हॉलमध्ये ज्यूंचा पुढारी बेन गुरियनने घोषणा वाचली. दुपारी ४ वाजता, कारण रात्री १२ ला पॅलेस्टाइनवरच्या इंग्रजांच्या ताब्याची मुदत संपत होती आणि त्याआधी शुक्रवारी सूर्यास्ताला सब्बाथ लागत होता. निमंत्रणावर लिहिलं होतं की बातमी गुप्त ठेवा. चर्मपत्र लिहून झालंच नव्हतं, त्यामुळे बेन गुरियनने टाइप केलेल्या कागदावरून वाचलं आणि सह्या कोऱ्या भागावर घेतल्या, मजकूर वरून नंतर लिहिला! ३७ सह्यांपैकी काही तर नंतर झाल्या, कारण ती मंडळी वेढा पडलेल्या जेरुसलेममध्ये अडकलेली. देव हा शब्द घालायचा का नाही यावरही भांडण, धार्मिक लोकांना हवा, डाव्यांना नको, शेवटी "इस्राएलचा खडक" असा शब्द टाकला, ज्याला देव वाचायचाय त्याने देव वाचावा. आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगचा ठराव असाच लिहितात.

दुसऱ्या दिवशी पाच अरब देशांची सैन्यं उतरली. १९४९ च्या तहांपर्यंत इस्राएलची साधारण ६ हजार माणसं मेली. ज्यू लोकसंख्या होती साडेसहा लाखांच्या आसपास. शंभरात एक! सोलापूरसारख्या गावात शंभरात एक मेला तर कुठली गल्ली सुटेल? तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या मते इथं आहे. भोंगा सरकारी आहे, दिवस कायद्याने ठरलेत, पण उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा कुणाला तरी ओळखत असतो. आणि तिथं बहुतेक घरांतली पोरं-पोरी लष्करात जातात, म्हणजे त्या यादीत पुढचं नाव आपल्या घरचं असू शकतं हे प्रत्येकाला माहीत असतं.

दुखवटा आणि आनंद लागून का, याचं उत्तर मला फार आवडतं. सुरुवातीला दोन्ही एकाच दिवशी व्हायचं. ज्यांची पोरं मेली त्या घरांना ते सहन होईना, लोक रस्त्यात नाचतायत आणि आपण कबरीवर. स्वातंत्र्यदिन सोडून भलत्याच दिवशी टाकला तर आपल्या पोराचा आणि देशाचा संबंध तुटतो, तेही नको. म्हणून १९५१ पासून आदला दिवस. आधी मेलेल्यांचं, मग जिवंतांचं.

कुलूपकिल्ली_नळदुर्ग

खडू सर, चांगलं लिहिलंत, पण एक बाजू एका ओळीत उरकलीत. राजकारण नाही करत, इतिहासच सांगतो. त्याच लढाईत ७ लाखांच्या वर पॅलेस्टिनी अरब घरं सोडून गेले किंवा हाकलले गेले आणि त्यांना परत येऊ दिलं नाही. ते १५ मेला नकबा पाळतात, नकबा म्हणजे अनर्थ. त्या दिवशी लोक मोठमोठ्या किल्ल्या घेऊन निघतात, १९४८ ला कुलूप लावून निघाले त्या घरांच्या. एकाच लढाईच्या घटना, एकाचा स्वातंत्र्यदिन दुसऱ्याचा अनर्थ.

मला ते किल्लीचं बघून आजी आठवते. आमचं मूळ घर नळदुर्गच्या बाजूला, निजामाच्या हद्दीत. रझाकारांच्या काळात १९४८ ला आमची माणसं रात्रीतून सोलापुरात आली, आजी सांगायची दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली, दोन म्हशी मात्र तशाच सोडून दिल्या. सप्टेंबरात सोलापूरच्या बाजूनंच फौज आत गेली आणि आमच्या लोकांना घरी जाता आलं. पण त्याच वेळी उलट्या दिशेनं घाबरून निघालेली मुसलमान घरंही होती, तीपण आजीच सांगायची, शेजारचीच होती. आम्हाला परत जाता आलं म्हणून आमची किल्ली नुसती आठवण झाली. ज्यांना जाता आलं नाही त्यांची किल्ली भिंतीवर लटकते.

आणि हो, युनोच्या त्या १३ मध्ये भारत होता, फाळणीच्या विरोधात मत दिलं होतं. स्वतःची फाळणी होऊन तीनच महिने झालेले. मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० ला, पण दूतावास वगैरे पूर्ण संबंध १९९२ ला. १७ सप्टेंबर म्हणजे आपला मराठवाडा मुक्तिदिन, योगायोगच, पण लक्षात ठेवायला बरा.

पंचांगवाचक

किल्लीदादा, याच तारखेत अजून एक भर. १७ सप्टेंबर १९४८ ला, ज्या दिवशी निजामाने हात टेकले त्याच दिवशी जेरुसलेममध्ये युनोच्या मध्यस्थाचा, काउंट बर्नाडोटचा खून झाला, एका ज्यू जहाल गटाने केला. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे पेपर भरले असणार.

मलिदा_ओलं_खोबरं (अश्दोद)

नमस्कार, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, जन्म ठाण्याचा, आता बरीच वर्षं इस्राएलमध्ये अश्दोदला. इथे मराठी वाचत असते, लिहिते क्वचित, पण हे बघून राहवलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या, माझ्या मराठीत आता हिब्रू शिरलंय.

भोंग्याचं सांगते. पहिल्यांदा मी बसमध्ये होते. वाजायच्या आधीच लोक घड्याळ बघायला लागतात, बोलणं कमी कमी होत जातं. मग तो आवाज, खालून वर चढत जाणारा नाही, एकसलग, पोटात जातो. ड्रायव्हरने रस्त्यात बस थांबवली, स्वतः उतरला. माझ्या शेजारची बाई भाजीच्या पिशव्या घेऊन उभी राहिली, खाली ठेवल्यासुद्धा नाहीत. दोन मिनिटं किती मोठी असतात हो! आणि मग कुणी काही न बोलता सगळे आत. भाषण नाही, घोषणा नाही. टीव्हीवर एका चॅनलला दिवसभर नुसती नावं, एकामागून एक. आणि त्या संध्याकाळी हर्झलच्या डोंगरावर अर्ध्यावर उतरवलेला झेंडा वर चढवतात, १२ मशाली पेटवतात, आणि तिथून जो दंगा सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी बागेत मांस भाजण्यापर्यंत. त्या भाजण्याला इथे "मंगल" म्हणतात, आपल्या मंगलकार्याशी काही संबंध नाही, माझ्या आईला मात्र फार दिवस वाटायचं की आहे.

सगळे उभे राहतात असंही नाही. अतिकर्मठ लोकांतले काहीजण थांबत नाहीत, म्हणतात ही आपली रीत नव्हे, आपण स्तोत्रं म्हणतो. अरब नागरिकांचं तर वेगळंच, वर किल्लीबद्दल लिहिलंय ते वाचलं, ते खरं आहे.

आता आतली गोष्ट. हिटलरने मारलेल्यांच्या दिवशी मी उभी राहते तेव्हा माझ्याकडे कुणाचं नाव नसतं. आमचं घराणं पेणचं. आमच्या लोकांची कथा अशी की नवगावला, अलिबागजवळ, गलबत फुटलं आणि सात बायका सात पुरुष वाचले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आमची आडनावं. कोकणात आम्हाला ज्यू म्हणून कुणी मारलं नाही, घर जाळलं नाही. आजी सणाला "पुढच्या वर्षी यरुशलेमात" म्हणायची, मला लहानपणी वाटायचं हे "पुढच्या वर्षी लवकर या"सारखंच आहे, म्हणायचं असतं. मग खरंच बोट निघाली. भारत स्वतंत्र झाला तेव्हा आमचे लोक सुमारे २० हजार होते, बहुतेक सगळे हळूहळू इकडे आले, हाकललं म्हणून नाही, आपणहून.

आणि इथे आल्यावर विचारलं गेलं, तुम्ही खरे ज्यू का? १९६२ ला इथल्या बड्या धर्मगुरूंनी फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं तर आधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. दोन हजार वर्षं शनिवार पाळला आणि हे ऐकायचं! १९६४ ला आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, सत्याग्रहच की तो, शेवटी पार्लमेंटला म्हणावं लागलं की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत आणि ते फर्मान बदललं. त्या दिवसाला भोंगा नाही. आम्ही आमच्या घरात सांगतो पोरांना, मलिदा करताना. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं, एलियाहू हन्नावीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं नाव घेऊन. माझी मुलगी हिब्रूतच बोलते, पण मलिद्याला मलिदाच म्हणते.

जुनीमिल_तिसरी_पाळी

ताई, मघाशी मी गंमत करत होतो, आता वाचून गप्प बसलोय.

पाळणा शेठ, १२ जानेवारीचं म्हणशील तर आपल्याकडं तेच उलट्या अंगानं आहे की. मे १९३० ला गांधींना अटक झाल्यावर आपलं गाव पेटलं, ८ मेला गोळीबार, पोलीस गाव सोडून गेले, तीन दिवस इंग्रजाचं राज्यच नव्हतं इथं, गाववाल्यांनीच सांभाळलं. १२ मेला मार्शल लॉ. काँग्रेसचा झेंडा लावला म्हणून जेल. आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा, आख्खं सोलापूर त्या चौघांत.

आता बघ, १२ जानेवारीला हार घातला की त्याला लागूनच सिद्धरामेश्वराची यात्रा, नंदीध्वज निघतात, अक्षता, मग गड्ड्याची जत्रा. म्हणजे आपल्याकडंपण दुखवटा आणि जत्रा दाराला दार लावून आहेत. फक्त कुणी ठरवून लावलं नाही, येरवड्याच्या साहेबाने तारीख ठरवली.

गड्ड्यातला_पाळणा

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. जुनीमिल, मी नाव गड्ड्याचं घेऊन बसलोय आणि हे मला सुचलं नाही बघा. किल्लीदादांची आजी आणि ताईंचा घाणा दोन्ही घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली त्या नळदुर्गच्या म्हशींचं पुढं काय झालं ते विचार.

व्हिडिओ परत नीट बघितला. एका गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ दिसतंय, ११:०१. म्हणजे योम हाझिकारोन. भाऊजी जिंकले, सैनिकांचाच निघाला. पण ते स्वतःच म्हणाले की दोन दिवस असतात हे त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून अर्धं बिल त्यांचं. रविवारी जातोय, अकरा माणसं.

ताई, अश्दोदला शेंगाचटणी चालत असेल तर पत्ता मेसेजमध्ये टाका, कुरिअरचं मी बघतो.

मलिदा_ओलं_खोबरं (अश्दोद)

चालते का विचारता? पण दोन पाकिटं पाठवा, एक शेजारच्या मोरोक्कोवालीला द्यावंच लागेल, तिला वास येतो.

कुलूपकिल्ली_नळदुर्ग

एक म्हैस परत मिळाली होती. दुसरी नाही.